कुसुमताईंची पानफुटी

प्रताप नगरच्या त्या गल्लीत मुतखडा झालेला माणूस डॉक्टरच्या आधी कुसुमताईंच्या फाटकाशी यायचा. दारात पानफुटीच्या सहा कुंड्या होत्या. अनशेपोटी रोज दोन पानं, असं पंधरा दिवस. हे ताई अशा थाटात सांगायच्या की शिकलेल्या डॉक्टरनंही खाली मान घालून ऐकावं.

या हिवाळ्यात मात्र पानं पोकळ होऊ लागली. इवलीशी फुलपाखरं, वरून काळी, खालून पांढरी नि नारिंगी, कुंपणाशी एकदांडीच्या फुलांवर मध पीत नि पानफुटीच्या पानाखाली एकेक अंडं चिकटवून जात. अळी निघाली की थेट पानाच्या पोटात शिरायची. आतला गर खायची, वरची साल तशीच ठेवायची. एक पान संपलं की दुसरं. पान लांबून धडधाकट दिसे. उजेडाकडे धरलं की आत नुसती काळी विष्ठा. पोट भरलं की अळी बाहेर येऊन देठाला कोष करी आणि आठवडाभरात त्यातून फुलपाखरू निघे. कुसुमताईंनी औषध फवारलं नाही. सगळी पानं एकदाची संपून जावीत, असं त्यांना वाटत होतं. का, ते त्यांनी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

एका सकाळी शेजारची प्रीती नवऱ्यासाठी धावत आली.

"काकू, मोहितची पथरी लय दुखून राहिली. तापबी आहे. पानं द्या ना."

ताईंनी कुंड्यांकडे पाहिलं. शेंड्याला चार पानं अजून शाबूत होती. अळीनं खाल्ली म्हटलं की सुटका होती, आणि शब्द ओठांवर आलेही. पण प्रीतीचा चेहरा पाहून त्यांना ते बोलवेना.

"पानं नको वं. त्याले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने," त्या म्हणाल्या. "तुह्या काकाले असाच ताप होता. ते सोनोग्राफी करतो, लागलं तर ऑपरेशनबी करतो म्हणत होते. घरी औषध असताना चीरफाड काहून करता, म्हटलं मी. वीस दिवस मीच पानं चारले. तोवर दोन्ही किडन्या गेल्या."

ताईंचे यजमान रुपराव जाऊन सहा वर्षं झाली होती. गल्लीला ठाऊक होता तो हार्ट अटॅक.

प्रीती मोहितला गाडीत बसवायला पळाली आणि फाटकातच थबकली.

"मंग सहा वर्षं आमाले पानं काहून देत राहिल्या, काकू?"

"नाही म्हटलं असतं, तर काहून म्हणून विचारलं असतं तुम्ही."