नाण्यावरची साय

माझे भावजी कवळ्या करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवले, पण स्वतःच्या तोंडातून शब्द निघेल तर शपथ! ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईने काळजीने विचारलं होतं, "अगं, मुलगा बोलतो तरी का?" ताई म्हणाली, "बोलतो की. दाताबद्दल विचारून बघ."

ताई अगदी उलट. छापखान्यात मुद्रितं तपासायची. कुठे एक अक्षर चुकलेलं दिसलं की तिला घास गोड लागायचा नाही. मूलबाळ झालं नाही त्यांना. त्याचं रडगाणं त्यांनी कधी कुणापुढे गायलं नाही. एका रविवारी मात्र दोघं जुन्या सामानाच्या बाजारातून कागदात बांधलेली मातीची ढेकळं घेऊन आली आणि मला कौतुकाने दाखवायला लागली.

"भावजी, मातीच आणायची तर बागेतली काय वाईट होती?" मी म्हटलं. मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ.

"आत नाणं आहे," ते म्हणाले.

होतंच. रोमन सम्राटांची काशाची नाणी, दीड-दोन हजार वर्षं जमिनीत पडलेली. सोन्याचांदीची सगळेच जपतात, ही आपली बाजारहाटाची चिल्लर, म्हणून अशी ढेकळांसकट मिळायची. भावजी ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घालायचे, पाणी बदलत राहायचे, आणि मग डोळ्याला भिंग लावून, कवळी कोरायच्या बारीक हत्यारांनी एकेक कण सोडवायचे. एकेका नाण्याला महिना जायचा. माती संपली की थांबायचे. खरी कला त्या थांबण्यात होती. मातीखाली हिरवट-काळपट असा एक थर असतो, त्याला ताई साय म्हणायची. राजाचं नाक, डोळा, भोवतीची अक्षरं, जे काही उरलेलं असतं ते त्या सायीतच. खालचा धातू कधीच खाल्ला गेलेला असतो. साय गेली की नाणं गेलं. "सायीला धक्का लावलात तर याद राखा," असा ताई दम भरायची आणि भावजी गालातल्या गालात हसायचे. त्यांच्या हाताबद्दल तिला किती अभिमान होता, ते आम्हा सगळ्यांना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

स्वच्छ झालेलं नाणं ताईच्या हातात जायचं, कारण ओळखायचं काम तिचं. खिडकीशी बसून ती ते उजेडात तिरकं धरायची. आधी दाढी आहे का बघायची, मग केस, मग मान. "ही बैलाची मान? नीरो. हा टकलू, पहिलवानासारखा? व्हेस्पेशियन. दाढी आणि वर कुरळे केस? हेड्रियन असेल, पण अक्षरं लागल्याशिवाय मी सही करणार नाही." मग अर्धीमुर्धी अक्षरं जुळवत बसायची. मीही तिच्या शेजारी बसून चार राजे शिकले. एकदा 'अँटोनायनस' एवढं मला वाचता आलं तर मी नाचायचीच बाकी होते. ताई म्हणाली, "हुरळू नकोस. ते नाव निम्म्या राजांनी लावलंय."

तिचं सगळ्यात लाडकं नाणं फॉस्टिनाचं. चांगलं मोठं, जाड, कडेला एक चीर गेलेली. डोक्यावर वेण्या गुंडाळून घातलेला अंबाडा, आणि त्यातला केस न् केस दिसायचा. फॉस्टिना राणी मेली आणि तिचा नवरा पुढे वर्षानुवर्षं तिची नाणी पाडत राहिला. ताई म्हणायची, "एवढ्या राजांत हाच एक माणसात जमा." मग भावजींकडे वळून, "तुम्ही काय छापाल हो माझं? कवळी?" भावजी लाजून लाल व्हायचे.

अशी माणसं होती ही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि त्यांच्याच वाट्याला हे यावं! मला अजून राग येतो. कुणाचा, ते मात्र सांगता येत नाही.

ताई विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माझं नाव. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. एका दुपारी मी गेले तर ताईने दार उघडून मला आत घेतलं आणि कानात म्हणाली, "तो नळवाला सकाळपासून बसलाय, जातच नाही." पाहते तर भावजी. खुर्चीत हात जोडल्यासारखे बसलेले. मला हसू आलं, आणि हसल्याची लगेच लाजही वाटली.

त्याच दिवशी भावजींनी, काय सुचलं कुणास ठाऊक, नाण्यांचा ट्रे तिच्यासमोर ठेवला. ताईने सवयीने एक उचललं, तिरकं धरलं, आणि म्हणाली, "ट्राजन. केस कसे कपाळावर चापून बसवलेत बघा ना. अहो, भिंग कुठे ठेवलंत?" नळवाला गेला आणि नवरा आला! घटकाभर ती त्यांच्याशी अगदी पहिल्यासारखी बोलली, त्यांनी दाढी नीट केली नाही म्हणून रागावली. भावजी नुसते "हो, हो" करत होते आणि डोळे वाहत होते.

तेव्हापासून त्यांचा दिवस त्या घटकेसाठी उजाडायचा. रोज दुपारी टेबलावर पांढरं फडकं अंथरायचं, वर नाणी मांडायची. एक ओळखलं की ती परत यायची, थोडा वेळ त्यांची व्हायची. मग पुन्हा, "तुम्ही कुठले?"

आणि मग नाणीही सुटायला लागली. आधी दाढीवाले एकमेकांत मिसळले. मग एक दिवस नीरो हातात घेऊन ती म्हणाली, "काही दिसत नाही यात. मळलंय."

मळलंय! एवढा एक शब्द भावजींनी धरून ठेवला. बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी ठरवून टाकलं की ताईचं काही बिघडलेलं नाही, नाणी अंधूक आहेत. उजळली की तिला दिसतील. ज्याने आयुष्यभर सायीला नखही लागू दिलं नाही, त्या माणसाने सुई सायीत घातली. नीरो थोडा उघडा पडला, तांबूस झाला, मानेची रेघ गेली. ताईला ओळखू येईना. भावजी म्हणाले, अजून मळ आहे. मग आणखी घासलं. मग कसल्याशा आम्लात बुडवलं. मग कवळ्या चमकवायची भुकटी आली, फिरता ब्रश आला. जितकं उजळावं तितकं पुसलं जाई, जितकं पुसलं जाई तितकं तिला कमी ओळखू येई, की हे पुन्हा घासायला मोकळे.

मी भांडले. आकाशपाताळ एक केलं. "भावजी, डोळे फुटले का तुमचे? हा हेड्रियन मला ओळखू येईना, तिला बिचारीला काय येणार? ती विसरलीय, भावजी! दोष नाण्याचा नाही!"

ते शांतपणे म्हणाले, "तू नको येऊस इतक्यात."

मी काय ऐकते! रोज गेले. बघत बसले. एकेक राजा पितळी बटणासारखा गुळगुळीत होत होता आणि शेजारी माझी ताई खिडकीबाहेर बघत बसायची. मध्येच मला विचारायची, "हे गृहस्थ काय करतात हो?" मी काय सांगणार? बायको परत मिळवायला धडपडतायत म्हणून सांगू?

फॉस्टिनाला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नव्हता. तेवढं भान होतं. पण बाकीची सगळी संपली, ताईने त्यांना ओळखून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक, आणि एका दुपारी मी पोचले तर टेबलावरच्या फडक्यावर एकच नाणं होतं. मोठं, जाड, लखलखीत. त्यावर कुणी नव्हतं. अंबाडा नाही, नाक नाही, एक अक्षर नाही. मी तोंडावर हात धरला.

"उजळलंय," भावजी म्हणाले. "आता स्वच्छ दिसेल तिला."

त्यांनी ताईचा हात धरून नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. ताईने ते उचललं. खिडकीकडे वळली, तिरकं धरलं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. बऱ्याच वेळाने तिच्या कपाळावर आठी पडली. छापखान्यात चूक सापडली की पडायची, अगदी तशी.

"ही फॉस्टिना आहे," ती म्हणाली. "ही कडेची चीर. माझी फॉस्टिना आहे ही."

भावजी ताडकन उठले. "ओळखलंस? अगं, ओळखलंस तू?"

"पण हिचं काय केलंय हे? साय कुणी काढली?" ताईचा आवाज चढला. "सगळं पुसून टाकलंय! काही काही ठेवलं नाही हिचं." तिने वर पाहिलं, भावजींच्या हाताकडे, बोटांना लागलेल्या भुकटीकडे. "तुम्ही केलंत?"

भावजींनी हात फडक्याखाली घेतले. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला त्यांची दया आली असावी. परक्या माणसाची समजूत घालावी तशी म्हणाली, "जाऊ द्या. तुम्हाला बिचाऱ्यांना काय माहीत. आमचे हे घरी असते तर त्यांनी हात लावू दिला नसता. त्यांच्या हातून असं कधी झालं नसतं."

तिने नाणं मुठीत घट्ट धरलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ते आले की त्यांना मात्र सांगू नका. फार लावून घेतील."

"नाही सांगणार," भावजी म्हणाले.