बाहेरचा आवाज

गेल्या चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आक्का वारल्या. लेण्यांच्या डोंगराखालच्या आमच्या वस्तीत, विहारात वंदना सांगण्याचं काम त्या अनेक वर्षं करत होत्या. त्या एक ओळ म्हणत, सगळे मागून म्हणत, आणि पुढच्या ओळीआधी आक्का थांबत. डोळे मिटून, मान किंचित दाराकडं वळवून.

तुम्ही पहिल्यांदाच आला असतात, तर म्हातारीला दम लागतो असं समजला असतात. मीही तेच समजलो होतो. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दम कशाचा लागतोय? बाहेरचा आवाज राहिलाय ना अजून."

बाहेरचा आवाज म्हणजे रेश्मा. वस्तीतच मुलगा म्हणून वाढली. पुढं साडी नेसू लागली, तेव्हा घरच्यांनी काढलं. विहाराच्या पायरीवर, चपलांशेजारी बसून ती वंदना म्हणे. सगळ्यांपेक्षा थोडी मागं, जाड, खालच्या आवाजात. चितेगावच्या कंपनीत यंत्रापाशी राबून आक्कांचे कान गेले होते. शेजारच्या बाईलाही त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे. रेश्माचा आवाज मात्र त्यांना पोचे.

विहार समितीच्या सेक्रेटरींना हे थांबणं आवडत नसे. "आक्का, तिला आत घ्यायला आमची ना नाय. पण बसंल कुठं? बायकांकडं का माणसांकडं?"

"बुद्धाकडं तोंड करून बसंल. तुम्ही कुठं बघता वंदनेला?"

सगळे हसले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. मग त्याच्याही पुढच्या. आक्कांनी एवढंच सांगितलं, "ती आत बसली, की मी न थांबता म्हणीन. तवर नाय."

पावसाळ्यात रेश्मा तापानं गेली. अग्नी आक्कांनी दिला.

त्यानंतरच्या पौर्णिमेला आक्का प्रत्येक ओळीनंतर थांबल्या. पूर्वी थांबत तेवढ्याच. सेक्रेटरी आधी हळू बोलले. मग त्यांना ओरडावं लागलं. "आक्का, रेश्मा गेली! आता कुणासाठी थांबता?"

आक्कांनी डोळे उघडले. "गेली व्हय? मग पायरीवर म्हणतंय कोण?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पायरीवर चपला होत्या. रेश्मा बसे तेवढी जागा सोडून काढलेल्या. ती कुणी सोडली, हे कुणालाच सांगता आलं नाही. त्या दिवसापासून दाराजवळ बसायला कुणी तयार नसे.

आक्का गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वंदना सेक्रेटरींनी सांगितली. विहार भरला होता. जागा नव्हती म्हणून मी दाराजवळ बसलो. मी पेपरला बातम्या देतो, म्हणून माझ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू होतं. पहिली ओळ झाली. दुसरीसाठी त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते दाराकडं पाहत राहिले. कुणी काय ऐकलं, यावर वस्तीत आजही एकमत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आहे. मग सेक्रेटरींचा आवाज, "आत ये, रेश्मा. बस." मग सतरंजी सरकवल्याचा आवाज. पुढच्या सगळ्या ओळी त्यांनी न थांबता म्हटल्या.