काकूंचं घड्याळ
थंडीत हीटर पहिल्यांदा लावला की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या आमच्या छोट्या टीव्ही चॅनेलचा, तसाच वास येणारा स्टुडिओ आठवतो. आमच्या भागाच्या बातम्या संपल्या की ठरलेल्या सेकंदाला लंडनचा कार्यक्रम जोडायचा. चुकलं तर घरोघरी पडदा काळा. एकदा शेवटच्या मिनिटाला कंट्रोल रूममधलं घड्याळच बंद पडलं. बटणावर बोट ठेवून मी दुसरं घड्याळ शोधायला लागले. शेजारी बसलेल्या आमच्या जुन्या सहकारी, कॉव्हेंट्रीच्या काकू, कार्डिगनच्या बाहीत मनगटाकडे डोकावत शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नकोस, मी मोजते." त्यांच्या 'झीरो'ला मी बटण दाबलं आणि लंडन अलगद आलं. मग त्यांनी बाही वर सारली. मनगटावर नुसत्या बांगड्या! "अगं, सेकंद अंगात भिनलेत. बघत होते ते तुला धीर यावा म्हणून." आता कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारी कुणी नवीन बसलं, की मीही आधी माझ्या रिकाम्या मनगटाकडे बघते.