दारातलं वाक्य

इंग्रजी कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका साहेबांकडे बाई एकवीस वर्षं टायपिस्ट होत्या. आल्यागेल्याला साहेब ओळख करून देत, "हा आमचा कान." बाईंना त्याचं कोण कौतुक. साहेबांची पद्धतच तशी. कुठलाही संवाद बाईंच्या तोंडून मोठ्याने गेल्याशिवाय अवतरणचिन्हांत बसायचा नाही. बाई वाचत, साहेब डोळे मिटून ऐकत. दम लागला तिथे स्वल्पविराम, दुसऱ्याने बोलणं तोडलं तिथे आडवी रेघ. "उद्गारली, कळवळली कशाला? नुसतं 'म्हणाली' पुरे," हे बाईच सांगत आणि साहेब निमूट खोडत.

त्या सोमवारचं पान बाईंनी आधी मनात वाचलं आणि खाली ठेवलं. नवऱ्याचं घर सोडून आलेली मुलगी, हातात बॅग, आणि दार अडवून उभी आई.

"साहेब, हे माझ्या लेकीचं आहे. मन हलकं करायला सांगितलं होतं तुम्हाला, डबा खाताना."

"नाव आहे का कुणाचं?"

"चार वर्षं बोलत नव्हती ती. आत्ता कुठे दर रविवारी फोन करायला लागलीय. तुमचं प्रत्येक पुस्तक वाचते. एवढं काढा, पाया पडते."

"अशा मुली छप्पन्न असतात, बाई. तुमच्या लेकीनेच का अंगावर ओढून घ्यावं? वाचा तुम्ही."

बाईंनी वाचलं. पानावरची मुलगी इंग्रजीत म्हणत होती, आई, मी अपार सोसलं आहे, आता तुझाच आधार.

"कसं वाटतंय?" साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"खोटं." एकवीस वर्षांची सवय, जीभ आवरली नाही. "दारात इतकं धड कोण बोलतं? घोकून आल्यासारखी वाटते."

"मग काय म्हणेल?"

"ती म्हणाली, जाते मी परत. फक्त एकदा बाथरूमला जाऊ दे. सहा तास बसमध्ये होते."

साहेबांचे डोळे उघडले. पेन्सिल सरसर चालू लागली.

"आणि आई?"

"आई काही नाही. जिन्यात शेजारीण उभी होती. दार लावून घेतलं."

"काहीच बोलली नाही? वा. मग नवा परिच्छेद, आणि नुसतं दार. आता परत वाचा."

बाईंनी वाचलं. वाक्य कसं चपखल बसलं होतं. त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग लेक हे वाचेल, हे ध्यानात आलं.

"साहेब, आधीचंच राहू द्या."

"आता? अहो, अख्ख्या पुस्तकात हे एकच वाक्य जिवंत आहे." साहेबांनी पान पुढे सरकवलं. "दुपारपर्यंत द्या."

बाईंनी टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

पुस्तक आलं. दोन रविवार फोन वाजला नाही. तिसऱ्या रविवारी वाजला.

"आधी वाटलं, अशा आया जगात पुष्कळ असतील," लेक म्हणाली. "मग बाथरूमचं वाचलं."

"अगं, ऐक तरी..."

"छान वाचून दाखवलं असशील," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर कुठल्याच रविवारी तो आला नाही.