मी काढलेली चिप

इंदापुरात माझं शेतातल्या पाण्याच्या मोटारीचे ऑटो दुरुस्त करायचं दुकान आहे. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची पेटी. वीज आली की ती मोटार आपोआप चालू करते, मोबाइलवरून बंदही करता येते. आत एक प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर पाळत ठेवणारी, तांदळाएवढी, तीन पायांची चिप. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की ती प्रोसेसरला थोपवून धरते. अर्धवट विजेवर तो भरकटू नये, एवढंच तिचं काम.

आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज धड असतं कधी? सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडतं आणि चिपमुळे मोटार थांबते. मग लोक पेटी काखोटीला मारून माझ्याकडे येतात. वरकुट्याचे तात्या तसेच आले.

"सारखी बंद पडतीया. ती चिप काढ आन् डायरेक्ट करून दे. ऊस वाळाय लागलाय."

मी थोडे आढेवेढे घेतले, फार नाही. खरं सांगायचं तर मला या कामाची घमेंड होती. एसीत बसून पेट्या बनवणाऱ्यांना आमची लाइट काय माहीत, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो. चिप उपटली, तिच्या जागी तारेचा तुकडा जोडला. तात्या खूश होऊन गेले.

महिना-दीड महिन्याने ते पेटी घेऊन परत आले. सोबत त्यांची बायको, काकू होत्या. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि दोन बोटं नव्हती. विहिरीवरच्या जुन्या पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी पाणी गळत होतं, तिथं त्या सुतळी आवळत होत्या. तात्यांनी मोटार मोबाइलवरून बंद केली होती, मेन स्विच पाडला नव्हता. आमच्याकडे तो पाडतं कोण? व्होल्टेज खालीवर झालं आणि मोटार आपसूक सुरू झाली.

ऐकता ऐकताच मला कळलं. ती चिप जागेवर असती तर प्रोसेसर भरकटला नसता.

"हिलाच घाई," तात्या म्हणाले. "मेन पाडाय पायजे हुता. पेटीला काय झालं न्हाय, तरीबी एकदा बघ."

काकू खाली बघत होत्या. मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं, आणि क्षणभर मी तेच करणार होतो. पेटी उघडली. माझा तारेचा तुकडा तसाच होता.

"काकू, चूक तुमची न्हाय," मी म्हणालो. "म्या त्यातली चिप काढली, म्हणून मोटार सुरू झाली."

"कायतरी बोलू नगं," तात्या खेकसले.

"बोलू द्या त्याला," काकू म्हणाल्या. "बोटं गेल्यापासनं घरात समदी मलाच बोलत्यात. तुमीबी. आता घरी गेल्यावर सांगा समद्यांना."

तात्यांनी तोंड फिरवलं. आता मला शिव्या बसणार, असं वाटलं. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. काकू माझ्याकडे वळल्या.

"अशा आनखी किती पेट्या केल्यात?"

मला आकडा सांगता येईना. "लई," एवढंच म्हणालो.

"त्यांच्या घरच्या बायकांना सांगितलंय का?"

"न्हाय," मी म्हणालो.