कुन्झेसच्या खोलीतून धूर का येत नाही

गावात बोलवा अशी होती, की कुन्झेस आचेनं बॅटरीच्या खोलीत माणूस ठेवलाय.

ठेवलाय म्हणजे ठेवलाय. दाराबाहेर लोकरीचे पुरुषी बूट दिसले होते. आतून दोन आवाज यायचे, एक खर्जातला आणि एक तिचा. तिचा आवाज लपणार कुठे? ती कुजबुजली तरी पलीकडच्या उतारावरचा याक मान वर करतो. ओढ्यावर बर्फ फोडून पाणी भरताना आम्हा बायकांना दुसरा विषयच नव्हता.

"या वयात, बाई!"

"वयाचं काय घेऊन बसलीस? थंडी सगळ्यांनाच वाजते."

"तरीच! गावाच्या गोवऱ्या जातात कुठे म्हटलं!"

खरी गोष्ट अशी, की खोलीत माणूस होता. पण तिनं ठेवलेला नव्हता. उलट त्याला पकडायला तीच टपून बसली होती.

सगळ्या गावाची आचे, म्हणजे थोरली ताई, असलेल्या कुन्झेसचा संशयी स्वभाव काही जन्मजात नव्हे. तरुणपणी ती खिंडीच्या रस्त्यावर खडी फोडायची. मुकादमानं मोजमाप मारायचं, सोबतिणीनं आपली पाटी हिच्या ढिगातून भरायची, हे बघून बघून तिचे डोळे बारीक झाले ते झालेच. पुढे नवरा लेहला मीठ आणायला म्हणून गेला आणि तिकडेच दुसऱ्या घरचा जावई झाला. तेव्हापासून वाटेत कोणी हसून "जुले" म्हटलं, की ही आधी मागे वळून बघणार, आणि मग म्हणणार, "हं. काय हवंय?"

गावच्या सौर दिव्यांच्या बॅटऱ्या ठेवलेल्या त्या खोलीची किल्ली तिच्याकडे आली ती कोणालाच नको होती म्हणून. आधी ती ल्हुंडुपकडे असे. तो आत बुखारी पेटवायचा. हिवाळाभर धुराडं भकभक करायचं आणि लोक खूश असायचे. पण धुराड्यानं वर ओढलेली ऊब जायची आभाळाला, आणि दाराच्या फटीतून तेवढाच वारा आत यायचा. या बॅटऱ्यांचं अंग गारठलं, की वर कितीही लख्ख ऊन असो, त्या वीज घेतच नाहीत. रुसलेल्या सुनेसारख्या भिंतीकडे तोंड करून बसतात. लोसरचा सण अंधारात गेला. ल्हुंडुपनं किल्ली गोबाच्या पुढ्यात टाकली. गोबा म्हणजे गावचा मुखिया, स्कर्मा. ती किल्ली कुन्झेसनं उचलली.

रीत मात्र जुनीच राहिली. पाळीपाळीनं प्रत्येक घरानं खोलीसाठी गोवऱ्यांची टोपली द्यायची. टोपल्या जात होत्या. धूर येत नव्हता.

"आचे, बुखारी पेटवत नाहीस का?" गोबानं एकदा वाटेत विचारलं.

"दिवे लागतात ना तुझ्या घरी?"

"लागतात. पण गोवऱ्या..."

"मग दिव्याकडे बघ. धुराड्याकडे कशाला बघतोस?"

आता ती सांगती तर विषय तिथेच मिटता. तिनं आतल्या बाजूनं दुसरी भिंत घातली होती आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दोन भिंतींच्या मधे गोवऱ्या ठासून भरल्या होत्या. दक्षिणेच्या काचेमागे काळे रंगवलेले पाण्याचे पिंप दिवसभर ऊन पीत बसायचे. ऊन उतरलं की काचेवर जाड लोकरी नमद्याचा पडदा. झालं. पण हे सांगायचं कसं? हिवाळ्याच्या शेवटी घरोघरी सरपण संपतं. भिंतीत गोवऱ्या आहेत म्हटल्यावर एकेक जण येणार, 'आचे, दोनच दे गं' म्हणणार, आणि चार दिवसांत भिंत पोकळ. तिला माणसं माहीत होती. ती गप्प राहिली, आणि गावानं ठरवून टाकलं, की बाई आमच्या गोवऱ्या स्वतःच्या चुलीत घालते.

अशातच खोली गारठायला लागली. ऊन चांगलं, पडदा वेळेवर, तरी संध्याकाळी तापमापकाचा काटा खाली. कोणीतरी दार उघडत होतं; दाराचं जुनं कुलूप जोरानं ढकललं की सुटायचं. तिनं उंबऱ्यावर सातूचं पीठ भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी पिठात पावलाचा भला मोठा ठसा. त्याच्या पुढच्या दुपारी ती पिंपांमागे दबा धरून बसली.

दार करकरलं. बाहेर बूट काढले गेले. आत आला मेमे थुकजे, गोबाचा म्हातारा बाप. उपड्या खोक्यावर बसला, जपमाळ काढली, आणि काचेतून येणाऱ्या उन्हाकडे पाठ करून सुखानं "आऽह" म्हणाला.

"मेमे!"

म्हाताऱ्याच्या हातून माळ पडली. "अगं, जीव घेतेस काय!"

"कोणी पाठवलं? पोरानं?"

"सुनेनं."

"ती कशाला पाठवेल?"

"पाठवत नाही, पळवून लावते. सकाळपासून तोंड चालू असतं तिचं. इथं कसं, बॅटऱ्या बोलत नाहीत."

"मग दार उघडं का टाकता? सगळी ऊब जाते!"

"दार लावून? तू किल्ली घेऊन केव्हाही येणार. दार लावून तुझ्याबरोबर बसलो, तर लोक काय म्हणतील?"

कुन्झेसला यातलं अक्षर पटलं नाही. गोबानं बापाला भिंती बघायला पाठवलंय, हे तिनं नक्की धरलं. म्हातारा मात्र रोज येत राहिला, दार लावून बसू लागला, आणि ती रोज त्याची उलटतपासणी घेऊ लागली. तेच ते दोन आवाज.

लोसर जवळ आला तसा गोबा चार माणसं घेऊन खोलीपाशी आला; मागोमाग मेमे, गोबाची बायको आणि आम्ही ओढ्यावरच्या बायकाही. "आचे, किल्ली दे. आग नाही, म्हणजे बॅटऱ्या आज ना उद्या गोठणार. पुन्हा अंधारात सण करायचा नाही आम्हाला."

किल्ली गेली की नवा माणूस बुखारी पेटवणार, आणि सरपण म्हणून आधी भिंतीलाच हात घालणार. कुन्झेसनं मूठ घट्ट केली.

"तुझ्या घरचा वाडगा आण. ओढ्याचं पाणी तूच भर. आत ठेव, दाराला तुझीच दोरी बांध. सकाळी वर बर्फाची साय दिसली तर किल्ली तुझी. नाही दिसली तर गोवऱ्यांचं पुन्हा नाव काढायचं नाही."

"होणारच बर्फ," एक जण म्हणाला.

"नाही व्हायचा," मागून मेमे बोलून गेला.

गोबा वळला. "आबा, तुम्हाला काय माहीत?"

म्हातारा आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग सगळेच त्या बुटांकडे बघायला लागले. आम्हा बायकांपैकी एकीनं शालीचं टोक तोंडावर धरलं. गोबाची बायको तेवढी लालबुंद. तिचं ते तोंड बघितलं आणि कुन्झेसला पहिल्यांदाच वाटलं, की म्हातारा कदाचित खरं बोलत असेल. कदाचित.

वाडगा आत गेला. गोबानं दोरीला आपली खास गाठ मारली. कुन्झेसनं त्या गाठीवर आपली दुसरी मारली.

सकाळी अर्धं गाव जमलं. श्वासाची मिशीवर बर्फाची कांडी होत होती. गोबानं गाठी सोडल्या, वाडगा बाहेर आणला आणि हलवला. पाणी डुचमळलं. त्यानं बोट बुडवून चाटलं.

"मीठ टाकलेलं नाही," तो नाराजीनं म्हणाला.

"थांब," कुन्झेस म्हणाली आणि तिनंही चाटलं. "तू टाकलं असशील, मला चोर ठरवायला. बघायला नको?"

पाणी नुसतं पाणी होतं. किल्ली तिच्या गोंच्याच्या, म्हणजे लांब लोकरी झग्याच्या, कनवटीला परत गेली.

बर्फ होणार म्हणून पैज लावणाऱ्यांत मीही होते. ती आदल्या संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाली होती, "हरलीस तर माझी ती नक्कल, जी माझ्या पाठीमागे करतेस, ती माझ्या तोंडावर करायची." जमलेल्या गावासमोर मी उभी राहिले, डोळे बारीक केले, मान वळवून मागे बघितलं आणि म्हटलं, "हं. काय हवंय?"

लोक गडाबडा लोळले. तिनं शांतपणे बघून घेतलं.

"मान आणखी वळव," ती म्हणाली. "डावीकडचा माणूस सुटला तुझ्या नजरेतून. पुन्हा कर."