चीफच्या पिस्तुलाची वही

नोकरीतल्या बाकीच्या केसेस कुणी विचारलं तर आठवतात. ही एक न विचारता आठवते, बहुतेक रविवारी सकाळी. कागदावर ती किरकोळ होती. ना खून, ना दरोडा. पण तिच्यापायी माझ्या ठाण्यातल्या एका माणसाची नोकरी जायची वेळ आली होती.

रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर, खाडीच्या तोंडाशी असलेल्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घ्यावी लागतात. आमच्याकडे बहुतेक बागायतदारांच्या, वानर-डुकरं हाकायच्या बंदुका. पिस्तूल एकच, तेही नव्या पद्धतीचं. मूठ, नळी, स्प्रिंग, सगळं सुटं करून बदलता येतं. नंबर असतो तो फक्त आतल्या एका तुकड्यावर. मालक जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनीअर. गाव त्यांना चीफच म्हणायचं. बायको वारलेली, मुलगा आणि मुलगी आखातात, आणि खाडीकाठच्या मोठ्या बंगल्यात हा सत्तरी उलटलेला माणूस एकटा. एकदा घर फोडायचा प्रयत्न झाला, तेव्हा परवाना मिळाला होता.

निवडणूक आटोपली, शस्त्रं परत गेली. महिन्याभराने चीफ लेखी तक्रार घेऊन हजर. पिस्तुलाची मूठ आणि स्प्रिंग माझी नाही, तुमच्या ताब्यात असताना कुणीतरी बदलली, आणि आता दर तीन-चार गोळ्यांनंतर पिस्तूल अडकतं. एक प्रत त्यांनी थेट अधीक्षक कार्यालयाला धाडली होती.

मुद्देमाल खोलीची किल्ली आमच्या हवालदारांकडे असायची. जमा केल्याची पावती काढली. नंबर जुळत होता, पण मुठीचं वर्णन कुठेच नव्हतं. मूठ बदलता येते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं, म्हणून ते लिहायची पद्धत नव्हती. चार दिवसांत हवालदारांच्या नावे वरून पत्र आलं: निलंबित का करू नये, खुलासा करावा. हवालदार त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, "साहेब, ते पिस्तूल मी पिशवीतनं भायेर काढलेलं नाय."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पोलिसाला संशयात आधी आपलाच माणूस दिसतो. मी त्यांची पेटी सगळ्या ठाण्यासमोर उघडायला लावली. आत गणवेशाचा जोड, दाढीचं सामान आणि मुलीच्या शाळेचा फोटो निघाला.

मग चीफच्या घरी फेऱ्या सुरू झाल्या. पंचनामा, जबाब, पुरवणी जबाब. दर वेळी चहा व्हायचा, मुलाने पाठवलेले खजूर पुढे यायचे. मी फाईल मिटली की चीफ म्हणायचे, "साहेब, एक सांगायचं राहिलं." की पुन्हा अर्धा तास. मला वाटायचं, इंजिनीअर माणूस, बारकाईने बोलणारच. मधल्या काळात पिस्तूल मुख्यालयात शस्त्रं तपासणाऱ्या आर्मोररकडे पाठवलं. त्याने तीस गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. चीफना सांगितलं तर म्हणाले, "तुमच्या माणसाच्या हातात नाही अडकत. माझ्या हातात अडकतं." आर्मोरर म्हणाला, पकड ढिली असेल तर असंही होतं. पिस्तूल चीफना परत गेलं आणि हवालदार जिथल्या तिथे अडकून राहिले.

खबर मिळाली ती भलत्याच माणसाकडून. सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, बकऱ्या चारणारी एक बाई हरवलेल्या पाटीची तक्रार द्यायला आली होती. पाट म्हणजे तिची तरणी बकरी. बोलता बोलता म्हणाली, "साहेब, आयतवारी सकाळी जुन्या चिरेखाणीत कोनतरी बार काढतंय. जनावरं बुजतात माझी."

पुढच्या रविवारी एका शिपायाला घेऊन मी खाणीच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत बसलो. आठच्या सुमारास चीफ आले. इस्त्रीचा शर्ट, कानात कापसाचे बोळे. त्यांनी एक फळी चिऱ्याला टेकवली आणि सावकाश पाच गोळ्या झाडल्या. मॅगझिन बदललं, आणखी पाच. एकही अडकली नाही. मग रिकाम्या पुंगळ्या वेचून डब्यात भरल्या, चष्मा लावला आणि दगडावर बसून लांबट वहीत लिहू लागले. मी समोर जाऊन उभा राहिलो. ते दचकले नाहीत. आधी ओळ पुरी केली आणि मग वर बघितलं.

वही मी तिथेच वाचली. जहाजाच्या इंजिनरूममध्ये ठेवतात तशी. तारीख, काय बदललं, किती गोळ्या, निकाल. पहिली नोंद पिस्तूल जमा करायच्या आधीची होती: 'बोटं वळत नाहीत. लहान मूठ आणि नरम स्प्रिंग बसवली.' म्हणजे भाग बदलले होते ते त्यांनीच, पिस्तुलाबरोबर मिळालेल्या जादा भागांमधले. पुढे पिस्तूल हाताशी असलेला प्रत्येक रविवार: 'दहा गोळ्या. दोष नाही.' तक्रार दिली त्या आठवड्यातही तेच.

"चीफ, तक्रार खरी की वही?"

"वही," ते म्हणाले. "एक बोल्ट बदलला तरी इंजिन चालवून बघायचं, आणि जे झालं तेच लिहायचं. लॉगमध्ये मी कधी खोटं लिहिलं नाही."

"मग आम्हाला का लिहून दिलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "जमा करायच्या वेळी हवालदार घरी आले होते. तासभर बसले. परत देताना मला ठाण्यात बोलावलं, सही घेतली, झालं. त्यानंतर महिनाभर घराची बेल वाजली नाही, साहेब. मशीन बिघडलं म्हटलं की माणसं येतात, एवढं मला ठाऊक. तुम्ही अकरा वेळा आलात."

"एका माणसाची नोकरी चालली होती."

"ते कुणी मला सांगितलं नाही," ते म्हणाले.

मला राग आला होता. दया नंतर आली, पण आधी राग. ठाण्यात त्यांनी खरा जबाब दिला आणि हवालदारांपुढे हात जोडून उभे राहिले. हवालदार भिंतीकडे बघत होते. वरचं पत्र रद्द झालं. पिस्तूल जप्त केलं, परवाना रद्द करण्याचा प्रस्ताव मी स्वतः लिहिला. नियमाप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं. निघताना चीफ म्हणाले, "साहेब, चहाला या कधीतरी." मी म्हटलं, "येत्या रविवारी येतो."

गेलो नाही. त्या रविवारी बंदोबस्त होता. पुढच्या रविवारी काय होतं ते आठवत नाही. मग बदली झाली.

आता निवृत्त होऊन मी रत्नागिरीतच राहतो. बायको गेली, मुलगा बंगळूरला. कधी भाडेकरूची माहिती द्यायची, कधी पासपोर्टचं विचारायचं, असं काहीतरी काढून ठाण्यात जातो. तिथला तरुण निरीक्षक उठून खुर्ची देतो आणि मग घड्याळाकडे बघतो. मी काय करतोय ते मला कळतं, आणि तरी जातो.

गेल्या वर्षी चीफ वारल्याचं कळलं. पाठोपाठ हवालदार घरी आले. तेही निवृत्त. पिशवीतून त्यांनी ती लांबट वही काढली. "माझ्याकडं ठेवायला दिली होती त्यांनी. तुमीपन बघा."

पिस्तूल जप्त झाल्यानंतरही चीफ रविवारची नोंद करत होते. 'साहेब येणार. आले नाहीत.' पुढच्या रविवारी, 'साहेब आले नाहीत.' तिसऱ्या रविवारी, 'साहेब आले नाहीत. हवालदार आले. चहा.' त्यानंतर माझं नाव नव्हतं. पानांमागून पानं एकच ओळ, 'हवालदार आले.'

मी विचारलं, "ज्याने तुमची नोकरी घालवली असती, त्याच्याकडे गेलात कसे?"

"शिव्या घालायला गेलो होतो, साहेब. म्हातारा दारातच उभा. तुमच्यासाठी चहा ठेवलान होता. तोच मी प्यायलो."

जबाब कसा घ्यायचा, माणूस खोटं का बोलतो ते कसं काढायचं, हे मला नोकरीने शिकवलं. ते काढल्यावर त्या माणसाचं काय करायचं, ते हवालदारांना कुणी न शिकवता जमलं. मी त्यांची पेटी उघडायला लावली होती, त्याची माफी मी त्या दिवशी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे हो."

मागच्या रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हवालदार. मी सवयीने विचारलं, "काय काम काढलंत?"

"काम काय नाय, साहेब," ते म्हणाले आणि चपला काढून आत आले.